साखर की भाकर?

आतून बायको म्हणाली, "साखर संपलीय." मी म्हणालो, "भाकर नसली तर भात चालेल." घर हसलं, आणि मी कानाचा डॉक्टर शोधायला लागलो.

तारापूर एमआयडीसीत चोवीस वर्षं लूमखात्यात काढली. तिथे शेजारच्याशी बोलायचं तर तोंड त्याच्या कानाला लावावं लागतं. आधी घरचा उपाय केला, कोमट तेलाचे दोन थेंब. (तुम्ही करू नका. पडद्याला भोक असलं तर तेल आत उतरतं.)

खरी माहिती मिळाली नवापूर नाक्यावरच्या मेडिकलवाल्याकडून. कुणाची चिठ्ठी कशासाठी येते, हे त्याला ठाऊक. "नावापुढे एम.एस. ईएनटी किंवा डीएलओ बघा, आणि नंबर." नंबर म्हणजे मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक; तो दवाखान्यात आणि चिठ्ठीवर लिहिणं डॉक्टरला बंधनकारक आहे. "आणि पालघरच्या कानाच्या डॉक्टरांकडे फोन करून जा, ते वाराचे डॉक्टर आहेत." वाराचे म्हणजे मुंबईहून ठरल्या वारी येणारे. मी शहाणा, बुधवारी लोकल पकडून पालघर गाठलं. डॉक्टर गुरुवारचे!

गुरुवारी त्यांनी चिमट्यासारखा ट्यूनिंग फोर्क कोपरावर आपटून त्याचा दांडा माझ्या कानामागच्या हाडाला टेकवला, मग कानासमोर धरला. "कुठे मोठं ऐकू येतं?" समोर. "म्हणजे मळाची किंवा पडद्याची भानगड दिसत नाही." नंतर हेडफोन लावून बटण दाबायची तपासणी झाली. कागदावरची रेघ ४००० हर्ट्झपाशी धपकन खड्ड्यात गेली होती. यंत्रांच्या आवाजाने बिघडलेल्या कानाची ही ओळख. 'स'सारखे बारीक आवाज याच पट्ट्यातले. साखर तिथेच सांडली. आतल्या नाजूक पेशी एकदा मेल्या की परत येत नाहीत. कायद्यातल्या व्यवसायजन्य रोगांच्या यादीत हे बहिरेपण आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

निघताना त्यांनी बजावलं, "एखादा कान अचानक बंद झाला, तर माझा गुरुवार बघू नका. मिळेल त्या गाडीने मिळेल त्या कानाच्या डॉक्टरकडे जा. पहिले दोन-तीन दिवस मोलाचे."

माझ्या लॉकरमध्ये कानात घालायचे फोमचे बोळे कधीपासून पिशवीत बंद होते. आता रोज वापरतो. ते बोटांत वळून बारीक करायचे, दुसऱ्या हाताने कान वर ओढायचा, बोळा आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत दाबून धरायचा. शेजारचा लूमवाला परवा बराच वेळ बघत होता. मग त्याने हात पुढे केला.