उजनीच्या पाण्यावर – मुलं, डबे आणि कुत्र्यासह!

सोलापूरच्या बाईनं नौकाविहारावर लेख लिहायचा म्हणजे जरा नवलच, असं तुम्हाला वाटेल. पाण्याची घागर जपून वापरायला शिकलेल्या आपण! पण मैत्रिणींनो, आपल्याच जिल्ह्याच्या उशाशी केवढं मोठं पाणी पसरलं आहे, याचा आपल्याला बहुधा विसर पडतो. भीमेवरच्या उजनी धरणाचं काम १९८० साली पुरं झालं. त्याच्या जलाशयाला यशवंतसागर म्हणतात. धरण भरलं की सुमारे ११७ अब्ज घनफूट पाणी साठतं आणि त्याचा फुगवटा सोलापूर, पुणे आणि अहिल्यानगर अशा तीन जिल्ह्यांत शिरतो. आपल्या नळाला येणारं पाणी तिथलंच. मग त्या पाण्यावर कधी तरी दोन घटका बसून यायला काय हरकत आहे?

सोलापूरहून पुण्याच्या रस्त्यानं टेंभुर्णी, इंदापूर ओलांडून सुमारे दीडशे किलोमीटरवर भिगवण लागतं. त्याच्या आसपास डिकसळ, कुंभारगाव ही काठावरची गावं. तिथले मच्छीमार पाहुण्यांना होडीतून पक्षी दाखवायला नेतात. सकाळी निघालं तर एका दिवसाची सहल होते. मुक्काम केला तर पहाटेचं पाणी पाहायला मिळतं, आणि ते पाहण्यासारखं असतं.

पण ज्यांच्या घरी कुत्रं आहे त्यांचा बेत नेमका इथंच अडतो. त्याला शेजारी ठेवावं तर ते रात्रभर रडतं. घरात कोंडावं तर जीव राहत नाही. मग घरातलं 'कोणी तरी' मागं राहतं. हे कोणी तरी म्हणजे कोण, ते मी सांगायला नकोच! म्हणून कुत्र्याला बरोबर न्यायचं कसं, याचा विचार खरं तर आपल्या स्वतःच्या सुट्टीसाठीच करायला हवा. आमच्याकडे राणी नावाची कारवानी कुत्री आहे. गेले दोन हिवाळे ती आमच्याबरोबर उजनीला येते आहे. त्या अनुभवावरून आणि विचारपूस करून जे कळलं, ते तुमच्यापुढं ठेवते.

आधी पाणी ओळखा

आमच्या नात्यातली एक मुलगी लग्नानंतर इंग्लंडला गेली. तिकडे कालव्यांवरच्या लांबोड्या, जेमतेम सात फूट रुंद बोटी आठवडाभर भाड्यानं मिळतात. आत स्वयंपाकघर, बिछाने, सगळं. वेग ताशी चार मैलांच्या वर न्यायचा नाही. पूर्वी या बोटी घोडे ओढत, त्यामुळे कालव्याच्या कडेनं पायवाट आहे. त्या वाटेनं कुत्रं बोटीच्या बरोबरीनं चालतं आणि दमलं की आत येऊन झोपतं. तिची पत्रं वाचून मुलं हुरळून गेली होती.

पण मैत्रिणींनो, ते कालवे अरुंद असतात आणि बहुतेक ठिकाणी माणूस तळाला पाय टेकवून उभा राहील एवढेच खोल असतात. आपली उजनी म्हणजे बुडालेलं नदीचं खोरं आहे. खाली जुनी गावं आहेत, विहिरी आहेत, झाडं आहेत. पाणी खूप उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर दिसू लागतं, यावरून खोलीची कल्पना करा. पाणी एवढं पसरट, की वाऱ्याला अडवणारं काही नाही. आत्ता आरशासारखं दिसणारं पाणी अर्ध्या तासात खवळतं.

२०१७ सालच्या एप्रिलच्या अखेरीस सहलीला आलेल्या डॉक्टरांची बोट इथं उलटली आणि चौघंजण गेले. २१ मे २०२४ रोजी करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे निघालेली बोट संध्याकाळच्या वादळी वाऱ्यात उलटली. सातजणांपैकी एकटा पोहत काठाला लागला. सहाजण बुडाले, त्यांत दोन लहान मुलं होती. हे वाचून घाबरून घरी बसा असं मी म्हणत नाही. पण या दोन्ही घटना उन्हाळ्यातल्या आहेत, हे लक्षात ठेवा. एप्रिल-मे म्हणजे वळवाचे दिवस. त्या दिवसांत, विशेषतः दुपारनंतर, पाण्यावर जायचंच नाही.

जायचं केव्हा, कसं?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने उत्तम. हवा थंड, पक्षी भरपूर, आणि कुत्र्यालाही ऊन बाधत नाही. सूर्य वर येताना होडीत बसावं आणि दहा-साडेदहाला काठावर परत यावं. वारा सुटला, आभाळ भरलं, तर पैसे दिलेले असले तरी बेत रद्द करायचा. 'एवढ्या लांब आलोच आहोत तर' हे वाक्य घरच्या पुरुषमंडळींच्या तोंडी आलं की आपण ठाम राहायचं.

होडीवाल्याला आधी फोन करून दोन गोष्टी विचाराव्यात. पहिली, प्रत्येकाला पुरतील एवढी लाइफ जॅकेट आहेत का, आणि मुलांच्या मापाची आहेत का. दुसरी, कुत्रं चालेल का. नाही म्हणाला तर वाद घालू नये. होडी त्याची, जबाबदारीही त्याची. हो म्हणाला तर अख्खी होडी आपल्यापुरतीच घ्यावी. दुसऱ्या कुटुंबाला आपल्या कुत्र्याचा जाच कशाला?

मुलाला मोठ्या माणसाचं जॅकेट घालून समाधान मानू नका. बंद घट्ट आवळल्यावर खांद्याजवळ धरून वर ओढून पाहा. जॅकेट कानापर्यंत आलं तर ते पाण्यात डोक्यावरून निसटणार. आणि ते 'उकडतं' म्हणून मांडीवर घेऊन बसू देऊ नका. मांडीवरचं जॅकेट कुणाला वाचवत नाही.

रेल्वेनं जाणार असाल तर कुत्र्याची नोंद पार्सल कार्यालयात करावी लागते आणि त्याला गार्डच्या डब्यातल्या पेटीतून नेतात. लहानशा सहलीसाठी हा खटाटोप नको. स्वतःची किंवा भाड्याची गाडी बरी. मात्र वाटेत चहाला थांबलात तर कुत्र्याला बंद गाडीत ठेवू नका. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. धापा टाकूनच ते अंग थंड करतं. बंद गाडीत थोड्या वेळातही उष्माघात होऊ शकतो. पगसारख्या बसक्या नाकाच्या कुत्र्यांना तर फार जपायला हवं.

कुत्र्याची पूर्वतयारी

रेबीजची लस झालेली हवीच. लेप्टोस्पायरोसिस हा आजार साचलेल्या पाण्यातून, चिखलातून होतो आणि तो माणसालाही लागतो. कुत्र्यांच्या एकत्रित लशीत त्याची लस बहुधा असते. तरी निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारून खात्री करून घ्या.

बैस म्हटलं की बसणं आणि उठ म्हणेपर्यंत न हलणं, एवढं कुत्र्याला यायला हवं. ते येत नसेल तर यंदा न्यायचं नाही. राणीला आम्ही अंगणातल्या झोपाळ्यावर बसवून शिकवलं. हलणाऱ्या जागेवर बसायची सवय तिथं झाली. उजनीला पोचल्यावरही पहिल्यांदा तिला काठाला बांधलेल्या होडीत दहा मिनिटं बसवलं, मग दोर सोडला.

सगळीच कुत्री उत्तम पोहतात हा गैरसमज आहे. कारवानी कुत्रं सडपातळ, अंगात चरबी नाही. ते पाण्यात लवकर दमतं आणि गारठतं. पग, डॅशहुंड आखूड पायांचे. कुत्र्यांसाठी पाठीवर मूठ असलेली जॅकेट मिळतात, ती घ्यावी. निदान गळपट्ट्याऐवजी छातीवरून जाणारा पट्टा असावा, म्हणजे पाण्यात पडलं तर गळा न आवळता वर उचलता येतं.

होडीत बसल्यावर

होडीच्या तळाला नखं घसरतात आणि कुत्रं बावरतं. घरातली एखादी जुनी सोलापुरी चादर दुहेरी करून खाली अंथरा. जाडजूड असते, नखं तिच्यात रुततात, आणि ऊन वाढलं की तीच ओली करून दिली की गारवा मिळतो. आपल्या चादरीचा हा उपयोग जाहिरातीत कुणी सांगत नाही!

कुत्र्याला होडीच्या मध्यभागी, खाली बसवावं. साखळी होडीला कधीही बांधू नये. होडी कलंडली तर बांधलेला जीव तिच्याबरोबर जातो. साखळी एका मोठ्या माणसाच्या हातात असावी, तीही मनगटाला न गुंडाळता. मुलांच्या हाती तर नकोच. कुत्र्यानं झेप घेतली की मूलही ओढलं जातं.

कुत्रं पाण्यात पडलंच तर पहिली गोष्ट, सगळ्यांनी एकाच कडेला धावू नये. कुत्र्याच्या मागोमाग होडीच उलटेल. होडीवाल्याला यंत्र बंद करायला सांगावं, कारण मागचा पंखा जीवघेणा. मग वल्ह्यानं हळूहळू जवळ जाऊन एकानंच मूठ धरून वर घ्यावं. कुत्र्यासाठी कुणीही पाण्यात उडी मारायची नाही, हे मुलांना निघण्यापूर्वीच बजावून ठेवा. त्या क्षणी ती ऐकणार नाहीत. होडी उलटलीच, तर काठ लांब दिसत असताना पोहायला जाऊ नये. जॅकेटच्या भरवशावर होडीला धरून राहावं.

पक्षी हे पाहुणे

उजनीला येणारे रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, उथळ पाण्यात उलटी चोच घालून चरतात. हिमालय ओलांडून येणारे पट्टकदंब हंस, चक्रवाक, कुरव, चमच्यासारख्या चोचीचे दर्विमुख, रंगीत करकोचे असा सगळा मेळा असतो. थवा उडाला की छायाचित्र छान येतं, म्हणून काहीजण होडी मुद्दाम थव्यात घालायला लावतात. असं करू नका. इतक्या लांबून आलेल्या पक्ष्यांचं चरणं मोडतं.

कारवानी म्हणजे शिकारी जात. हललं की धावणं तिच्या रक्तात. म्हणून आम्ही दोन फेऱ्या करतो. पक्ष्यांच्या फेरीत राणी काठावर थांबते, आणि तिच्याजवळ आळीपाळीनं घरातलं एकजण. तिची फेरी निराळी, मोकळ्या पाण्यावरची, छोटीशी. पहिल्या फेरीला काठावर थांबायची पाळी आमच्याकडे 'ह्यांची' असते. थर्मास आणि वर्तमानपत्र दिलं की तक्रार नसते!

डबा

आपली कडक भाकरी आणि शेंगाची चटणी यांच्यासारखा प्रवासी डबा दुसरा नाही. कुत्र्यासाठी साधी भाकरी ताकात कुस्करून न्यावी. पण होडीत बसण्यापूर्वी दोन-तीन तास त्याला पोटभर घालू नये, ओकारी होते. आपली चटणी, कांदा, लसूण त्याला देऊ नका. कांदा-लसणानं कुत्र्याचं रक्त बिघडतं. द्राक्षं आणि बेदाणे तर मूत्रपिंडावर घाला घालतात, आणि आपल्या भागातल्या डब्यात बेदाण्याची पुडी हमखास असते. भिगवणला मासे खाल्लेत तर काटे मुलांनी त्याच्यापुढं टाकू नयेत.

पिण्याचं पाणी सगळ्यांसाठी घरून न्या, कुत्र्यासाठीसुद्धा. मुळा-मुठेतून शहरांचं सांडपाणी उजनीत येतं आणि पाणी उतरलं की काठाशी हिरवा थर दिसतो. त्यातली काही शेवाळं विषारी असतात. असलं पाणी प्यायल्यानं कुत्रं दगावू शकतं. हिरवं पाणी दिसलं तर पायही भिजू देऊ नका. भिजलंच तर अंग चाटण्यापूर्वी स्वच्छ पाण्यानं धुवा.

आणि तुमचं काय?

एक गोष्ट आग्रहानं सांगते. होडीत बसताना साडी नको. पाण्यात ओलं पातळ पायांना गुंडाळतं, आणि पोहता येणाऱ्या बाईलाही पाय मारता येत नाहीत. सुटसुटीत पंजाबी ड्रेस घाला, ओढणी गाडीत ठेवा. सासूबाई काय म्हणतील? आमच्या सासूबाईंना मी कारण सांगितलं, तेव्हा त्या क्षणभर गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "मग मलाही एक शिवून आण." वयाच्या सत्तरीत त्यांनी जॅकेट घालून फेरी मारली!

डबे राखत काठावर बसू नका. डबे गाडीत राहतात. तुम्ही होडीत बसा.

बरोबर न्यायच्या वस्तू

जुनी चादर, दोन टॉवेल, कुत्र्याची वाटी आणि पाण्याचा कॅन, छातीपट्टा व साखळी, लशींचं कार्ड, घाण उचलायला कागद आणि पिशव्या, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेला मोबाइल, एक शिट्टी, मुलांचे जादा कपडे, मलम-पट्टीची डबी. घरी परतल्यावर कुत्र्याला आंघोळ घालून कानात, बोटांच्या बेचक्यांत गोचीड नाही ना, ते पाहावं. पुढच्या आठवड्यात ताप, उलट्या किंवा मलूलपणा दिसला, तर पाण्यावर गेलो होतो हे डॉक्टरांना आवर्जून सांगावं.