गळ्यातला पत्ता

स्मृतिभ्रंश झालेल्यांसाठी आणि त्यांना सांभाळणाऱ्यांसाठी आपल्याकडे काय सोयी आहेत ते पाहा, असं संपादकांनी सांगितलं होतं. संस्थांचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. 1992 मध्ये केरळात ‘अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया’ सुरू झाली आणि पुढे तिच्या शाखा इतर शहरांत निघाल्या. मुंबईत डिग्निटी फाउंडेशनने अशा वृद्धांसाठी दिवसभराची केंद्रं चालवली. माझं लक्ष मात्र खिळून राहिलं ते एका लॉकेटवर.

अक्षय रिडलान हा मुंबईतला तरुण डेटा इंजिनिअर. 2023 मध्ये त्याने विमानतळाबाहेरच्या भटक्या कुत्र्यांच्या गळ्यात क्यूआर कोड बांधले. मग वाट चुकणाऱ्या माणसांसाठी तशाच कोडच्या लॉकेटचा ‘प्रोजेक्ट चेतना’ उभा केला. त्याच वर्षी सप्टेंबरात वरळीहून हरवलेला बारा वर्षांचा एक विशेष मुलगा कुलाब्यात सापडला. पोलिसांनी त्याच्या गळ्यातला कोड मोबाईलने स्कॅन केला आणि काही तासांत मुलगा घरच्यांकडे पोचला.

या लॉकेटला बॅटरी नाही, जीपीएस नाही, त्यामुळे चार्जिंगची चिंताही नाही. कोड स्कॅन केला की घरच्यांचा संपर्क समोर येतो. क्यूआर कोडची खरी करामत त्याच्या चिवटपणात आहे. मूळ मजकुराबरोबरच दुरुस्तीपुरती जादा माहिती त्या चौकोनांत भरलेली असते. या दुरुस्तीच्या सर्वांत वरच्या पातळीवर जवळपास 30 टक्के कोड घासला किंवा मळला, तरी उरलेल्या भागातून तो पुरता वाचता येतो. मुळात तो कारखान्यासाठीच जन्मला. जपानच्या डेन्सो कंपनीत मासाहिरो हारा यांनी 1994 मध्ये मोटारीच्या सुट्या भागांचा माग ठेवायला तो तयार केला.

म्हणूनच ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये त्याचा विचार मनातून जात नाही. एमआयडीसीचा जन्म 1 ऑगस्ट 1962 रोजी इथलाच. इथल्या कारखान्यांत पाळ्या केलेली पिढी आता सत्तरी-ऐंशीत आहे. स्मृतिभ्रंशात बहुधा ताजं आधी पुसलं जातं, जुनं टिकून राहतं. म्हणून निवृत्त कामगार पहाटे उठून डबा मागतो, पहिल्या पाळीला निघतो. कंपनी केव्हाच बंद पडलेली असते, तिच्या जागी काचेची इमारत उभी असते. शेजारच्या किसननगरातून निघालेले पाय सवयीने रस्ता धरतात, पण ओळखीची खूण संपली की माणूस तिथेच अडकतो. यंत्राच्या भागांसाठी शोधलेला कोड अशा माणसाला घरी आणतो, याचं मला फार मोल वाटतं.

पण कोड वाचायला आधी कुणीतरी थांबावं लागतं. नीटनेटके कपडे घालून भराभर चालणारे आजोबा हरवलेत, हे कुणाला कळणार? रिक्षावाले, चहावाले, कंडक्टर यांना ते ओळखायला कुणी शिकवलेलं नाही. शिवाय गळ्यात काही टोचतंय म्हणून आजोबाच लॉकेट काढून ठेवतील.

आणि घरी फोन वाजतो तो बहुतेक वेळा पत्नीचा, नाहीतर सुनेचा. तिची रात्र जागून गेलेली असते. सांभाळायला ब्युरोची बाई ठेवणं अनेक घरांना झेपत नाही. ज्येष्ठांसाठीच्या एल्डरलाइनचा 14567 हा क्रमांक सकाळी आठ ते रात्री आठ चालतो, मानसिक आरोग्यासाठीच्या टेलिमानसचा 14416 चोवीस तास. तिथे सल्ला आणि धीर मिळतो, पण तिला दोन तास झोपता यावं म्हणून आजोबांजवळ येऊन कुणी बसत नाही. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात साठीपुढच्या 7.4 टक्के लोकांना, म्हणजे सुमारे 88 लाख जणांना स्मृतिभ्रंश आहे. तरीही 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत पार्किन्सन्सचं नाव आहे, स्मृतिभ्रंशाचं स्वतंत्र नाव नाही.

वागळे प्रभाग समितीच्या हद्दीत महापालिकेने दिवसभराचं एक केंद्र काढावं. जनरल शिफ्टच्या वेळेत सोडायचं, शिफ्ट सुटताना आणायचं. कामाला निघालेल्या माणसाला जायला खरोखरची जागा मिळेल आणि त्याला सांभाळणारीला स्वतःचे आठ तास.