राइड उतरवण्याचा दिवस

करमणूक उद्यानातील राइड दिसायला खेळणे वाटत असली, तरी बांधणीच्या दृष्टीने ती एकाच वेळी इमारत, वाहन आणि यंत्र असते. इमारतीप्रमाणे तिचा भार पायावर पेललेला असतो, वाहनाप्रमाणे ती माणसे वाहून नेते आणि यंत्राप्रमाणे तिच्या प्रत्येक फेरीत तिच्या सुट्या भागांची थोडी झीज होत राहते. इमारतीचे आणि वाहनाचे वय होते, हे समाजाने आणि कायद्याने केव्हाच मान्य केले आहे. मुंबईत तीस वर्षांपुढील इमारतींची संरचनात्मक तपासणी बंधनकारक आहे आणि खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांनी नव्याने करून घ्यावी लागते. राइडच्या बाबतीत मात्र ‘अजून चालते आहे ना’ हाच निकष सर्वसाधारणपणे पुरेसा मानला जातो आणि ती काढण्याची वेळ आली की उद्यानाला उतरती कळा लागली, असा अर्थ घेतला जातो. हा अर्थ चुकीचा आहे, कारण जुनी राइड वेळेवर उतरवणे हा ती नीट चालवण्याचाच शेवटचा टप्पा असतो.

भारतात या प्रश्नाचा इतिहास फार लांबचा नाही. दिल्लीच्या प्रगती मैदानावर १९८४ मध्ये सुरू झालेले अप्पू घर हे देशातील पहिले करमणूक उद्यान मानले जाते. २००८ मध्ये ते बंद झाले, पण त्यामागचे कारण राइडचे वय नसून जागेचा भाडेपट्टा हे होते. मुंबईत गोराईला १९८९ मध्ये एस्सेलवर्ल्ड उभे राहिले आणि महाराष्ट्रातील एका पिढीने रोलर कोस्टर पहिल्यांदा पाहिला तो तेथे. उद्यानांची पुढची पिढी मावळाच्या उंबरठ्यावर आली. तळेगावच्या उत्तरेला इंद्रायणीकाठी वसलेल्या आंबीसारख्या गावातून, जेथे आता औद्योगिक वसाहत आणि महाविद्यालये यांमुळे तरुणांची वर्दळ आहे, सुट्टीच्या दिवशी निघालेली मंडळी लोणावळ्याजवळच्या वेट एन जॉय या जलउद्यानात जातात किंवा घाट उतरून खालापूर तालुक्यातील इमॅजिकामध्ये पोहोचतात. इमॅजिका २०१३ मध्ये सुरू झाले; तेथील ‘नायट्रो’ हा बसणाऱ्याच्या पायाखाली तळ नसलेला कोस्टर स्वित्झर्लंडच्या बोलिगर अँड माबिलार्ड या नामांकित कंपनीने बनवलेला आहे. या पिढीच्या राइडने आता दहा वर्षांचा टप्पा ओलांडला आहे. यात भीतीचे काही कारण नाही, परंतु राइडचे आयुष्य कसे मोजतात आणि ते संपते म्हणजे नेमके काय होते, हे समजून घेण्याची हीच योग्य वेळ आहे.

राइडच्या वयाचे पहिले मोजमाप वर्षे हे नसून फेऱ्या हे असते. लोखंडी तुकड्यावर त्याच्या ताकदीच्या कितीतरी खालचा भार एकदा टाकला तर त्याला काहीच होत नाही; तोच भार लाखो वेळा टाकला आणि काढला, तर सांध्याशी, छिद्राच्या कडेला किंवा आकार एकदम बदलतो त्या ठिकाणी केसाएवढी भेग पडते, ती हळूहळू आत सरकते आणि उरलेला भाग भार पेलण्याइतका राहिला नाही की तुकडा एका क्षणात तुटतो. या क्रियेला धातूचा थकवा म्हणतात. १८४२ मध्ये फ्रान्समध्ये व्हर्सायहून निघालेल्या आगगाडीच्या इंजिनाचा आस तुटून भीषण अपघात झाला, तेव्हापासून अभियंते या प्रश्नामागे लागले, आणि जर्मन अभियंता ऑगस्ट व्होलर याने रेल्वेच्या आसांवर दीर्घकाळ प्रयोग करून भार किती आणि तो किती वेळा सोसता येईल यांचे नाते मांडून दाखवले. त्या नात्यावरच आजचे राइडचे गणित उभे आहे.

अमेरिकेतील एएसटीएम या मानक संस्थेच्या एफ २२९१ या मानकानुसार राइडचा आराखडा करताना तिच्या मुख्य भागांचा थकवा किमान ३५,००० चालू तासांसाठी तपासावा लागतो. हा आकडा एका कल्पित राइडला लावून पाहिला की त्याचा अर्थ उलगडतो. दिवसाला आठ तास आणि वर्षाला ३०० दिवस चालणारी राइड वर्षात २,४०० तास चालते, म्हणजे ३५,००० तास पूर्ण व्हायला तिला साधारण साडेचौदा वर्षे लागतात; तासाला तीस फेऱ्या धरल्या तर तेवढ्या काळात तिच्या प्रत्येक सांध्याने दहा लाखांहून अधिक वेळा तोच झटका सोसलेला असतो. ३५,००० तास संपले की राइड त्याच दिवशी धोकादायक ठरते असे मुळीच नाही, कारण हा किमान आकडा आहे आणि चांगला निर्माता त्याच्या पुढचा विचार करतो. मात्र त्या टप्प्यानंतर मूळ हिशोबाचा आधार संपतो, आणि पुढे चालवायची असेल तर निर्मात्याकडून नवा हिशोब, सांध्यांची सखोल तपासणी आणि काही भागांची अदलाबदल यांशिवाय ती चालवता येत नाही. तास मोजलेच नसतील, तर हा टप्पा केव्हा आला आणि केव्हा गेला हे कोणालाच कळत नाही.

थकव्याची भेग डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ती शोधण्यासाठी भाग सुटा करून, त्यावरचा रंग आणि वंगण काढून, चुंबकीय भुकटी, रंगद्रव्य किंवा ध्वनिलहरी यांच्या साहाय्याने वस्तूची नासधूस न करता तपासणी करतात. हे काम खर्चिक असते आणि त्यासाठी राइड काही आठवडे बंद ठेवावी लागते. जपानमधील ओसाकाजवळच्या एक्स्पोलँड या उद्यानात याच तपासणीत दिरंगाई झाली. १९९२ पासून चालणाऱ्या ‘फूजिन राइजिन २’ या उभ्याने प्रवास करायच्या कोस्टरच्या चाकाचा आस ५ मे २००७ रोजी, ऐन सुट्टीच्या हंगामात तुटला. एका तरुणीचा मृत्यू झाला आणि अनेक जण जखमी झाले. तो आस पंधरा वर्षांत एकदाही बदललेला नव्हता आणि भेगा शोधण्याची तपासणी सुट्ट्यांनंतरच्या तारखेला ढकललेली होती. उद्यानाने नंतर पुन्हा दारे उघडून पाहिली, परंतु लोक आले नाहीत आणि २००९ मध्ये ते कायमचे बंद झाले. हातभर लांबीचा एक आस वेळेवर न काढल्यामुळे सगळे उद्यानच काढावे लागले.

दुसरा शत्रू गंज. तो फेऱ्या मोजत नाही. राइड उभी असली तरी तो चालूच असतो. अमेरिकेत ओहायो राज्याच्या जत्रेत २६ जुलै २०१७ रोजी ‘फायर बॉल’ या झोक्याच्या राइडची एक आसनरांग हवेत असताना तुटून पडली, त्यात एकाचा मृत्यू झाला आणि सात जण जखमी झाले. ही राइड १९९८ मध्ये बनवलेली होती, अपघाताच्या आधी सरकारी निरीक्षकांनी ती पाहून चालवण्यास परवानगी दिलेली होती, आणि तरीही आसने धरून ठेवणाऱ्या पोकळ लोखंडी तुळईची जाडी आतून गंजून घातक ठरेल इतकी कमी झाल्याचे नेदरलँड्समधील निर्मात्याच्या तपासात निष्पन्न झाले. पोकळ नळीत पाणी शिरले आणि बाहेर पडायला वाट नसली की नळी आतल्या बाजूने खाल्ली जाते, आणि बाहेरून नवा रंग दिलेला असल्यास पाहणाऱ्याला ती धडधाकट दिसते. लोणावळ्यात वर्षाला ४,००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि घाटाच्या दोन्ही बाजूंना चार महिने हवा ओली असते, त्यामुळे या भागातील राइडच्या बाबतीत नळीची जाडी ध्वनिलहरींनी मोजणे आणि पाणी निचरण्याची छिद्रे मोकळी ठेवणे ही कामे कोरड्या मुलखापेक्षा कितीतरी अधिक महत्त्वाची ठरतात. जलउद्यानातील घसरगुंड्या काचतंतूच्या असल्याने त्यांना गंज लागत नाही, पण ऊन आणि क्लोरीन यांनी त्यांचा वरचा गुळगुळीत थर विरतो आणि जोड उघडे पडतात, आणि त्यांना उभे धरणारे खांब मात्र लोखंडाचेच असतात.

तिसऱ्या प्रकारचे म्हातारपण धातूत नसून बाजारात असते. राइड थांबवणारे आणि सोडणारे निर्णय आज संगणकीय नियंत्रक घेतो. त्याचे सुटे भाग मिळेनासे झाले, किंवा निर्माता कंपनीच बुडाली, तर लोखंड शाबूत असूनही राइड अडते. लाकडी कोस्टरचे नशीब याच्या उलट असते. अमेरिकेत अल्टूना येथील ‘लीप द डिप्स’ १९०२ चा आहे, मेलबर्नच्या लूना पार्कमधील ‘सीनिक रेल्वे’ १९१२ ची आहे, आणि ही दोन्ही टिकली ती त्यांची फळी न् फळी बदलता येते म्हणून. पोलादी नळ्या वितळजोडाने सांधलेल्या कोस्टरचा एकेक तुकडा असा सहज बदलता येत नाही. जुन्या राइडची आठवण जपायची असेल तर नेमके काय जपायचे, याचे उत्तर नेरळ–माथेरानच्या गाडीत सापडते: १९०७ पासूनचा तो मार्ग राहिला, परंतु त्यावरची वाफेची इंजिने १९८० च्या दशकात निवृत्त झाली, आणि त्यामुळे माथेरानचा प्रवास उणावला असे कोणी म्हणत नाही.

सगळ्यांत अवघड निर्णय असतो तो ‘थांबवणे’ आणि ‘उतरवणे’ यांमधला. राइड थांबवली की जबाबदारी संपली असे व्यवस्थापनाला वाटते; प्रत्यक्षात उभी राहिलेली बंद राइड चालू राइडपेक्षा वेगाने खराब होते, कारण वंगण फिरत नाही, धारवे (बेअरिंग) एकाच जागी गंजतात, नळ्यांत पाणी साचते आणि रोजची पाहणी करणारा माणूस दुसऱ्या कामाला लागतो. मग हंगाम आला, गर्दी वाढली, की ‘एवढा महिना चालवू’ हा मोह होतो. २०२० मध्ये महासाथीमुळे देशभरातील उद्याने दीर्घकाळ बंद राहिली, तेव्हा ही अडचण सर्वांपुढे एकदमच उभी राहिली होती.

उभी ठेवलेली जुनी रचना माणसांना कशी ओढून घेते, हे आंबीच्या खालच्या अंगाला, त्याच इंद्रायणीवर दिसून आले आहे. कुंडमळ्याचा लोखंडी पादचारी पूल सुमारे तीस वर्षे जुना होता, तो धोकादायक असल्याचा फलक लावलेला होता, त्याच्या जागी नवा पूल मंजूरही झालेला होता. परंतु जुना पूल जागेवर होता आणि पावसाळी पाणी पाहायला आलेले पर्यटक त्यावर चढत होते. १५ जून २०२५ रोजी, रविवारच्या गर्दीत तो कोसळला, चार जणांचा मृत्यू झाला आणि पन्नासच्या आसपास लोक जखमी झाले. तो पूल राइड नव्हता, पण त्या दिवशी त्यावर उभ्या असलेल्या बहुतेकांच्या दृष्टीने तो सहलीचाच भाग होता. फलक, साखळी आणि परिपत्रक ही थांबवण्याची साधने आहेत. माणूस त्यांच्यापलीकडे जाऊ शकतो. उतरवलेल्या लोखंडावर मात्र कोणालाच चढता येत नाही.

उतरवण्याचे काम उभारणीच्या उलट क्रमाने होते. प्रथम वीज तोडून कळीला कुलूप घालतात, दाबाखाली असलेले तेल आणि हवा मोकळी करतात, गाड्या रुळावरून उतरवतात, मग क्रेनने रुळाचा एकेक तुकडा धरून त्याचे बोल्ट सोडतात, आणि खांब काढल्यावर सिमेंटचे पाये बहुधा जमिनीतच राहतात. कधी हा क्रम परवडत नाही; न्यूजर्सीतील ‘किंगडा का’ हा १३९ मीटर उंचीचा, आपल्या संपूर्ण कारकिर्दीत जगातील सर्वांत उंच राहिलेला कोस्टर २००५ मध्ये सुरू झाला, २०२४ च्या नोव्हेंबरात बंद झाला आणि २८ फेब्रुवारी २०२५ रोजी त्याचा मनोरा स्फोटकांनी पाडण्यात आला. वीस वर्षेसुद्धा न भरलेल्या या विक्रमी राइडला उद्यानाने बंद पडून उभे राहू दिले नाही, ही गोष्ट दखल घेण्याजोगी आहे.

मात्र प्रत्येक उतरवलेली राइड भंगारात जात नाही. तुकड्यांवर क्रमांक घालून ती विकली जाते, दुसऱ्या देशात किंवा दुसऱ्या जत्रेत नव्या नावाने आणि नव्या रंगात उभी राहते, आणि तिचे वय तेथे पुन्हा शून्यापासून धरले जाण्याचा धोका असतो. जर्मनीत यावर जुना उपाय आहे: जत्रेतील प्रत्येक फिरत्या राइडबरोबर तिची एक वही असते, तीत मूळ नकाशे, हिशोब, प्रत्येक तपासणी आणि प्रत्येक दुरुस्ती यांची नोंद असते, आणि राइड विकली तरी वही तिच्याबरोबर जाते. ओहायोनेही अपघातानंतर २०१९ मध्ये कायदा करून थकवा आणि गंज यांची तपासणी व नोंद कडक केली. आपल्या शेजारी गुजरातमध्ये, कांकरिया येथे १४ जुलै २०१९ रोजी लंबकासारखी झुलणारी राइड तुटून दोघांचा जीव गेला होता आणि २०२४ मध्ये राजकोटच्या गेमझोनला आग लागून मोठी जीवितहानी झाली, त्यानंतर राइड आणि गेमझोन यांच्यासाठी स्वतंत्र नियम आले.

महाराष्ट्रात उद्यानाला किंवा जत्रेतील पाळण्याला परवाना देताना यंत्र सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र मागितले जाते. ते प्रमाणपत्र त्या दिवसाचे असते. त्यात निर्मितीचे वर्ष, याआधी राइड कोठे उभी होती, एकूण चाललेले तास आणि भेगांची शेवटची तपासणी कधी झाली, एवढे चार रकाने सक्तीचे केले, तर निरीक्षकाला समोरच्या लोखंडाची मागची वीस वर्षेही वाचता येतील. हे केवळ मोठ्या उद्यानांनाच परवडेल असेही नाही. कार्ल्याच्या एकवीरेच्या यात्रेसारख्या ठिकाणी आकाशपाळणा घेऊन येणाऱ्या पाळणेवाल्याच्या जनरेटरवर चाललेले तास दाखवणारी तबकडी बसवलेली असते आणि तिच्या आकड्यावरून तो तेल बदलतो. तशीच तबकडी पाळण्याच्या मोटारीवर बसवायला खर्च किरकोळ येतो.