हाताची पकड बदलली की लिंगाची लांबी वाढते? जाणून घ्या दाव्यामागचं सत्य

‘गुप्तरोगा’च्या जाहिराती पूर्वी भिंतींवर आणि लोकलच्या डब्यांत दिसायच्या. आता त्या थेट मोबाइलवर येतात. त्यातलाच एक दावा म्हणजे हाताने लिंग ओढण्याचा ‘व्यायाम’, म्हणजेच जेल्किंग. फरक पडला नाही, तर ‘तुमची पकड चुकली’ असं सांगितलं जातं. लोणावळा लोकलमध्ये हेडफोन लावून असे व्हिडिओ पाहणाऱ्यांनी आधी हे वाचावं.

व्यायामाने लांबी का वाढत नाही?

लिंग म्हणजे दंडासारखा स्नायू नाही. त्यात रक्ताने भरणाऱ्या स्पंजसारख्या दोन नळ्या असतात आणि त्यांच्याभोवती चिवट आवरण असतं. ओढल्याने ही रचना कायमची वाढते, असा भक्कम पुरावा नाही.

पकड बदलल्याने काय होतं?

या प्रकारात अंगठा आणि तर्जनीचं कडं करून लिंग दाबलं जातं. बळ तेवढंच, पण क्षेत्रफळ कमी, म्हणजे दाब जास्त. वरच्या बाजूला त्वचेखालीच शीर, धमनी आणि नसा असतात, तर खालच्या बाजूला मूत्रनलिका. त्यामुळे पकड बदलली तरी दाब जात नाही, त्याची जागा तेवढी बदलते. परिणामी त्वचेवर काळे-निळे डाग, बधिरपणा किंवा शिरेत गाठ होऊ शकते. वारंवार इजा झाली तर आतल्या आवरणावर व्रण होऊन लिंग वाकडं होण्याचा आणि ताठरता कमी होण्याचा धोका असतो. थोडक्यात, ‘सुरक्षित पकड’ अशी काही नसते.

सरासरी लांबी किती?

१५,५२१ पुरुषांच्या मापांचा एकत्रित आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार ताठर अवस्थेतली सरासरी लांबी १३.१२ सेंटिमीटर आहे. उपचारासाठी येणाऱ्या बहुतेकांचं माप सामान्यच असतं. ओटीपोटावरच्या चरबीमुळेही लांबी कमी दिसते, वजन घटवलं की फरक जाणवतो.

कायदा काय सांगतो?

लैंगिक क्षमता वाढवण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. औषध नियमांच्या ‘अनुसूची जे’मध्येही लिंगाचा आकार वाढवण्याच्या दाव्याचा समावेश आहे. म्हणजे कोणत्याही औषधावर असा दावा छापता येत नाही.

डॉक्टरांकडे कधी जायचं?

वेदना, बधिरपणा, गाठ किंवा वाकडेपणा जाणवला तर सगळं थांबवा आणि मूत्ररोगतज्ज्ञांना दाखवा. ‘कट’ असा आवाज होऊन अचानक सूज आली, तर लगेच रुग्णालय गाठा. लांबीची चिंता मनातून जात नसेल, तर १४४१६ या ‘टेली मानस’ हेल्पलाइनवर मोफत बोलता येतं.

शरीराविषयीचे दावे प्रयोगशाळेत तपासायचे, हे काम लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये कैवल्यधाममध्ये सुरू केलं. शंभर वर्षांनंतर मोबाइलवरच्या दाव्यालाही तोच प्रश्न विचारा: पुरावा कुठे आहे?