कागदाची वेस

नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्यातल्या एका पाड्यावरची मुलगी घेऊन मी शाळेत गेलो. 'जन्मदाखला आणा,' एवढेच उत्तर मिळाले. मुलगी घरात जन्मलेली, आईबाप ऊसतोडीला गुजरातेत; दाखला कोठून यावा? पूर्वी माणसाला वेशीवर अडवीत, आता कागदावर अडवतात.

पण कायदा मुलीच्या बाजूचा आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचे कलम १४ बजावते : सहा ते चौदा वयाच्या मुलाला वयाच्या पुराव्याअभावी प्रवेश नाकारता येणार नाही. अंगणवाडीची नोंद, तीही नसेल तर पालकाचे लेखी निवेदन पुरते. कलम ५ प्रमाणे जुन्या शाळेचा दाखला उशिरा आला म्हणून प्रवेश अडत नाही.

मी ही कलमे पुढे ठेवली, तेव्हा नाव पटावर चढले. मित्रहो, मोर्चा निघेल तेव्हा निघेल; आधी ही कलमे पाठ करा.