बोडीकाठचे सागरयात्री

आश्विन सरत आला, धानाच्या लोंब्या जड होऊन झुकू लागल्या आणि बांध्यांतले पाणी ओसरू लागले, की चंद्रपूरजवळच्या जुनोना तलावाच्या पाळीवर एखादी सकाळ घालविण्याचा माझा परिपाठ कित्येक वर्षे अव्याहत चालू आहे. पाण्यावर त्या वेळी पिवळसर चतुरांचे थवेच्या थवे, क्वचितच पंख हलवीत, वाऱ्यावर तरंगत असतात. आणि त्यांना पाहून मला आठवण होते ती अटलांटिकवर झेपावलेल्या जुन्या वैमानिकांची.

त्या वैमानिकांचा इतिहास वाचकांस परिचित असल्याने त्याचा परामर्श थोडक्यात घेतो. 1919 च्या जूनमध्ये अल्कॉक व ब्राउन न्यूफाउंडलंडहून निघून सुमारे सोळा तासांनी आयर्लंडच्या दलदलीत उतरले. 1927 च्या मे महिन्यात लिंडबर्ग एकटा साडेतेहतीस तास जागून न्यूयॉर्कहून पॅरिसला पोहोचला, आणि त्याच्या अवघे बारा दिवस आधी उलट दिशेने निघालेले नंजेसेर व कोली कायमचे नाहीसे झाले. इंधनाचा बोजा, धुके, पंखांवर साचणारे बर्फ आणि अनावर झोप हे सारे वैरी होतेच. परंतु माझ्या मते खरा निवाडा वाऱ्याचा होता. पश्चिमेकडून पूर्वेकडे, म्हणजे वाऱ्याच्या पाठबळाने, जो सागर 1919 सालीच ओलांडला गेला, तोच वाऱ्याला छाती देऊन न थांबता ओलांडण्यास ‘ब्रेमेन’ या विमानाला 1928 चा एप्रिल उजाडावा लागला.

आता माझ्या आवडीच्या विषयाकडे वळतो. पॅन्टाला फ्लेवेसेन्स हे शास्त्रीय नाव धारण करणारा हा चतुर वजनाने दोन-तीन गुंजांहून अधिक नाही. मालदीवमध्ये राहणारे सागरी जीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन यांच्या असे ध्यानात आले, की ज्या बेटांवर गोड्या पाण्याचे तळे जवळजवळ नाही, तेथेही दर ऑक्टोबरात हे चतुर प्रचंड संख्येने उतरतात. 2009 साली त्यांनी मांडलेला सिद्धान्त असा, की हे जीव भारतातून निघून मालदीवमार्गे पूर्व आफ्रिकेचा पाऊस गाठतात आणि पुढल्या पिढ्या नैर्ऋत्य मोसमी वाऱ्याबरोबर परततात. चार पिढ्यांत मिळून पुरी होणारी ही फेरी 14,000 ते 18,000 किलोमीटरांची. त्या दिवसांत मालदीवच्या पृष्ठभागावर वारा पश्चिमेकडून वाहत असतो, म्हणजे नेमका प्रतिकूल. परंतु हजार मीटरांहून वर तोच ईशान्येचा होतो, आणि हा कीटक ती उंची गाठतो! त्याच सुमारास याच समुद्रावरून आफ्रिकेकडे जाणारे अमूर ससाणे त्यांना वाटेत टिपत असावेत, हेही अँडरसन यांनीच सुचविले. मालदीवमधील चतुरांच्या पंखांतील हायड्रोजनच्या समस्थानिकांवरून 2012 साली असे अनुमान निघाले, की त्यांचा जन्म उत्तर भारतात किंवा त्याही पलीकडे झालेला असावा. तसे असेल तर त्या काफिल्याला आमचा मुलूख वाटेतच लागत असला पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

परंतु जे थवे येथेच जन्मतात त्यांचे काय? गडचिरोली जिल्ह्यात आरमोरी तालुक्यातील एका बोडीवर, म्हणजे शेतातल्या लहान तळ्यावर, मी एकदा पहाटे बॅटरी घेऊन बसलो होतो. धानाच्या काडीला घट्ट धरलेल्या मातकट अळीची पाठ फाटली. आधी डोके, मग छाती बाहेर आली. काही वेळ तो जीव उलटा लोंबकळत राहिला, आणि मग उसळून त्याने शेपूट सोडविली तेव्हा चुरगळलेल्या ओल्या कागदासारखे त्याचे पंख हळूहळू ताणले जाऊन काचेसारखे लखलखू लागले. शेजारी उभ्या असलेल्या वृद्ध शेतकऱ्याने एवढेच म्हटले, “पानी आटलं का जाते जी हे.” अळीचे आयुष्य सहा-सात आठवड्यांचे, पावसाळी पाण्याच्या मुदतीत बसणारे, त्यामुळे ज्याला आपण साहस म्हणतो, ते या जीवाच्या लेखी पाण्याच्या शोधात केलेले स्थलांतर होय.

हे पाणी धरून ठेवणारे, गोंड राजांच्या अमलात कोहळी समाजाने बांधलेले तलाव पुढे मालगुजारांच्या ताब्यात गेले, मालगुजारी उठल्यावर सरकारजमा झाले, आणि आज त्यांतले कितीतरी गाळाने भरले आहेत. त्यांचा हिशेब दप्तरात सिंचनाच्या हेक्टरांत मांडला जातो. त्या गाळात वाढणाऱ्या अळ्यांचा रकाना कोणत्याही कागदात नाही. तो असावा, हा माझा आग्रह आहे.

त्या पहाटे उन्हे वर आली तेव्हा चतुर निघून गेला होता. काडीला चिकटून राहिलेली त्याची रिकामी कात मी आगपेटीत घालून घरी आणली. ती अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे.