ससा, स्नान आणि यतना

पोळा जवळ आला की गोंदिया जिल्ह्यातील गावोगावच्या तलावांवर आणि बोड्यांवर बैलजोड्या धुण्यासाठी आणल्या जातात. म्हशी तर उन्हाळ्याची दुपार पाण्यात बसूनच काढतात. जनावराला न्हाऊ घालणे म्हणजे त्याच्यावर माया करणे, ही समजूत या तलावांच्या प्रदेशात पिढ्यान्‌पिढ्या रुजली आहे आणि बैलांच्या बाबतीत ती योग्यही आहे. त्याच समजुतीने, मुलांच्या हट्टापायी घरात आलेल्या पांढऱ्या सशालाही रविवारी बादलीत उभे केले जाते, अंगाला शाम्पू चोळला जातो. हेतू प्रेमाचा असतो. परिणाम मात्र काही वेळा त्या जिवाच्या प्राणावर बेततो. निरोगी सशाला स्नानाची गरज नसते. त्याला पाण्यात बुडवून अंघोळ तर कधीच घालू नये.

सशाची स्वच्छता सशाकडेच

घरोघरी पाळला जाणारा ससा हा मूळचा युरोपातील, स्पेन-पोर्तुगालच्या कोरड्या भूमीत बिळे करून राहणाऱ्या सशाचा वंशज. पाण्यात शिरणे त्याच्या स्वभावात नाही. दिवसातून अनेक वेळा तो पुढचे पाय चाटून तोंड पुसतो, कान खाली ओढून साफ करतो, अंगावरील केस जिभेने विंचरतो. निरोगी सशाच्या अंगाला वासही जवळजवळ नसतो. दुर्गंधी येते ती बहुधा पिंजऱ्यातील मूत्राने भिजलेल्या अंथरुणाची. अशा वेळी धुवायचा तो पिंजरा, ससा नव्हे.

पाणी का बाधते?

सशाच्या अंगावर मऊ केसांचा अतिशय दाट थर असतो. तो एकदा मुळापर्यंत भिजला की तासन्‌तास वाळत नाही. सशाच्या शरीराचे तापमान सुमारे ३८.५ ते ४० अंश सेल्सियस असते. ओल्या केसांमुळे ते वेगाने उतरते आणि ससा गारठतो.

दुसरा धोका भीतीचा. ससा हा शिकार होणाऱ्या प्राण्यांपैकी आहे. पाण्यात धरून ठेवणे म्हणजे त्याच्या लेखी एखाद्या हिंस्र प्राण्याने पकडणे. तीव्र भीतीने त्याला धक्का बसून मृत्यूही येऊ शकतो. सुटण्यासाठी तो मागचे पाय जोराने झाडतो. हे पाय बलवान असतात, पण हाडे हलकी. संपूर्ण सांगाडा शरीराच्या वजनाच्या केवळ ७ ते ८ टक्के. म्हणून स्वतःच्याच लाथेच्या जोराने त्याच्या पाठीचा कणा मोडू शकतो. उताणा धरलेला ससा निपचित पडतो, तेव्हा ‘त्याला छान वाटते आहे’ असा समज होतो. वस्तुतः ती भीतीने आलेली निश्चलता असते. याशिवाय ओली त्वचा सहज फाटते आणि कानात गेलेले पाणी विकाराला निमंत्रण देते.

मळ हे लक्षण आहे

जो ससा स्वतःला स्वच्छ ठेवू शकत नाही, त्याचे काहीतरी दुखते आहे असे समजावे. स्थूल सशाचे तोंड मागच्या भागापर्यंत पोहोचत नाही. म्हाताऱ्या सशाचे सांधे आखडतात. दात वाढलेल्या सशाला चाटता येत नाही आणि त्याची हनुवटी लाळेने भिजते. मूत्रविकारात मागचे पाय सतत ओले राहतात.

मागच्या भागाला विष्ठा चिकटण्याचे एक मोठे कारण आहार हे आहे. ससा रात्रीची मऊ विष्ठा स्वतःच खातो; त्याच्या पचनाची ती स्वाभाविक रीत आहे. बिस्किटे, पाव, भात, गोड फळे खाऊन पोट बिघडले की ही विष्ठा पातळ होते आणि केसांना चिकटून बसते. सशाच्या आहाराचा बहुतेक भाग गवताचाच असावा. हरळीसारखे ताजे गवत आणि वाळलेला चारा त्याला मानवतो. धानाचे तणस या जिल्ह्यात मुबलक मिळते. ते अंथरायला उत्तम, पण त्यात पोषण कमी असल्याने तेवढ्यावरच सशाला ठेवू नये. कंदमुळे वर्ज्य असलेल्या घरांना दिलासा वाटावा अशी एक गोष्ट म्हणजे, गाजरावाचून सशाचे काहीही अडत नाही. गाजरात साखर अधिक असल्याने ते त्याचे रोजचे अन्न नव्हेच.

धुणे अटळ झाले तर

थोडीशी घाण असेल तर ओलसर, घट्ट पिळलेल्या मऊ कापडाने तेवढीच जागा पुसावी. वाळलेला मळ निघत नसेल तर त्यावर स्वयंपाकघरातील पांढरे कॉर्नफ्लोअर भुरभुरवून बोटांनी हलके चोळावे आणि बारीक कंगव्याने विंचरून काढावे. पीठ नाका-डोळ्यांपासून दूर ठेवावे. अंगाला लावायची टाल्कम पावडर मात्र वापरू नये. तिची धूळ फुप्फुसांना अपाय करते.

मागचा भाग फारच माखला असेल तर तेवढाच भाग धुवावा. पसरट भांड्यात दोन-तीन बोटे खोल पाणी घ्यावे; ते कोपराला जेमतेम कोमट लागावे. तळाशी टॉवेल घालावा, म्हणजे पाय घसरणार नाहीत. एका हाताने छातीला आणि दुसऱ्याने मागच्या भागाला आधार देऊन पाणी हलकेच लावावे. साबण किंवा माणसांचा शाम्पू नको, कारण अंगावर राहिलेले सारे ससा चाटणार असतो. चिकटलेले गोळे ओढू नयेत. पाण्याने मऊ होऊ द्यावेत. नंतर कोरड्या कापडाने टिपून, वारा नसलेल्या उबदार जागी, केस मुळापर्यंत वाळेस्तोवर त्याला जवळ ठेवावे. ससा धडपडू लागला किंवा धापा टाकू लागला तर तत्क्षणी थांबावे.

पिसवा झाल्यास कुत्र्यांसाठीचे औषध सशाला लावू नये. त्यांतील फिप्रोनिल हे द्रव्य सशाला प्राणघातक ठरू शकते. औषध पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच द्यावे.

गोंदियाचे तीन ऋतू

मे महिन्यात गोंदियाचा पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो. सशाला घाम येत नाही. अंगातील उष्णता तो मुख्यतः कानांवाटे बाहेर टाकतो. म्हणून उन्हाळ्यात गार पाण्याने अंघोळ घालण्याचा मोह होतो. तो टाळून कानांच्या बाहेरील बाजूस ओलसर बोटे फिरवावीत, गोठवलेली पाण्याची बाटली कापडात गुंडाळून जवळ ठेवावी, फरशीवर सावलीची जागा आणि पिण्यास भरपूर पाणी द्यावे. ससा लोळागोळा होऊन वेगाने श्वास घेऊ लागला तर बर्फाच्या पाण्यात बुडवू नये. कान ओले करीत दवाखाना गाठावा.

पावसाळ्यात धोका माश्यांचा. ओल्या, माखलेल्या केसांत माशी अंडी घालते आणि काही तासांतच अळ्या बाहेर पडून त्वचा पोखरू लागतात. जुलै ते सप्टेंबर या काळात सशाची मागची बाजू रोज दोनदा पाहावी. अळी दिसली तर घरगुती उपायांत वेळ दवडू नये. हिवाळ्यात, रात्रीचे तापमान १० अंशांच्या आसपास उतरते तेव्हा, मागचा भागही केवळ भर दुपारीच धुवावा. कोणत्याही ऋतूत सशाने १२ तास काही खाल्ले नाही तर ती तातडीची स्थिती समजावी. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जावे. विशेष उपचारांसाठी नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा आधार आहे.

नवेगाव-नागझिऱ्याच्या परिसरात, धानाच्या बांधावर दिसणारा रानससा हा मात्र वेगळाच प्राणी. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये त्याला संरक्षण असून तो घरी पाळता येत नाही. त्याचे पिल्लू गवतात एकटे दिसले म्हणून ते अनाथ ठरत नाही. आई अंधार पडताना दूध पाजायला येते. त्याला उचलून, धुऊन-पुसून घरी आणणे म्हणजे त्याची आईच तोडणे होय.

उचललेला पाय

‘ज्ञाताधर्मकथा’ या आगमातील मेघकुमाराच्या पूर्वभवाची कथा अनेक घरांत सांगितली जाते. वणव्यात सर्व पशू एका मोकळ्या जागी दाटीवाटीने आश्रयाला आले. अंग खाजवण्यासाठी हत्तीने पाय उचलला आणि त्या रिकाम्या जागेत एक ससा येऊन बसला. हत्तीने तो पाय अडीच दिवस खाली टेकवला नाही. त्याने सशाला कुरवाळले नाही, उचलले नाही. जे करणे सहज होते ते करायचे थांबला, आणि ससा वाचला.

यतना म्हणजे समोरच्या जिवाला काय हवे हे पाहून आपली कृती आवरणे. मुलांच्या मायेला घरात काम मात्र हवेच. आठवड्यातून दोनदा, आणि केस गळण्याच्या दिवसांत रोज, मऊ ब्रशने सशाचे केस विंचरणे हे काम त्यांना द्यावे. सशाला ओकता येत नाही. गिळलेले केस आतड्यात अडकू नयेत यासाठी हे विंचरणे खरोखर उपयोगी पडते. जमिनीवर त्याच्या शेजारी बसून, त्याला न उचलता, दहा मिनिटे ब्रश फिरवावा. ससा आपणहून जवळ सरकू लागेल.